मेश बारीक केली की स्ट्रेस वाढतच जातो: कुठला आकडा धरायचा?

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच का ते कळेल. पार्ट लोड झेलेल का हे संगणकावर तपासताना (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस) त्याचे लहान तुकडे पाडतात. तुकडा म्हणजे एलिमेंट, तुकड्यांचं जाळं म्हणजे मेश. ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात ४ मिमीच्या मेशवर १९० एमपीए (मेगापास्कल) स्ट्रेस आला. मेश जाड वाटली म्हणून एलिमेंटचा आकार निम्मा केला, २४३ आले. पुन्हा निम्मा, ३२६. पुन्हा निम्मा, ४४६. तोवर रात्रीचे नऊ वाजलेत, लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतोय आणि सकाळी दहाला डिझाइन रिव्ह्यू आहे. मटेरियल आयएस २०६२ चं ई २५० स्टील, म्हणजे यील्ड (ज्या स्ट्रेसच्या पुढे स्टील कायमचं वाकतं तो आकडा) २५०. पहिल्या दोन मेशवर पार्ट पास, पुढच्या दोनवर नापास. रिपोर्टात काय लिहायचं?

आम्ही भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान सप्लायरांना अ‍ॅनालिसिस करून देतो. महिन्यातून एकदा तरी हाच प्रश्न कुणीतरी नवा मुलगा किंवा मुलगी माझ्या टेबलाशी घेऊन येते. त्याआधी त्यांनी काय केलेलं असतं तेही ठरलेलं आहे. कुणी पास होणारी मेश निवडतो आणि बाकीच्या फाइली डिलीट करतो. कुणी प्लेट ८ ची १० करून टाकतो. वजन वाढतं, किंमत वाढते आणि दोन महिन्यांनी खरेदी खात्याकडून फोन येतो. कुणी लेजंडची, म्हणजे चित्राशेजारच्या रंगपट्टीची, वरची मर्यादा वाढवून येतो आणि सांगतो, "मॅडम, लाल रंग गेला!" आणि ज्याने थोडं वाचलेलं असतं तो म्हणतो, "सिंग्युलॅरिटी आहे, सोडून द्या." (सिंग्युलॅरिटी म्हणजे गणितात स्ट्रेस अनंताकडे पळतो अशी जागा.) हा शेवटचा सगळ्यात धोकादायक, कारण तो अर्धा बरोबर असतो. त्याच्याकडे नंतर येते.

सॉफ्टवेअर बंद करा आणि कागद घ्या

हा ब्रॅकेट इंग्रजी एल आकाराचा होता. ८ मिमी प्लेट, ६० मिमी रुंद, उभा पाय चासीला दोन बोल्टांनी धरलेला, आडव्या पायावर उभ्या पायापासून १०० मिमी अंतरावर १००० न्यूटन. (यात खड्ड्याचा धक्का धरलेला आहे. पुण्यात राहून धक्का न धरता लोड ठरवणाऱ्याला मी नमस्कार करते.)

मोमेंट १००० गुणिले १००, म्हणजे १,००,००० न्यूटन-मिमी. सेक्शन मॉड्युलस, म्हणजे प्लेटचा आडवा छेद वाकण्याला किती पुरा पडतो त्याचं माप, ६० गुणिले ८ चा वर्ग भागिले ६, म्हणजे ६४०. भागाकार केला की १५६ एमपीए. चहा यायच्या आत हे गणित होतं, चहाच्या बिलामागे मावतं. आता निदान एवढं कळलं की उत्तर १५६ च्या आसपास, कोपऱ्यामुळे काहीसं वर, असायला हवं. ४४६ दिसल्यावर घाबरण्याआधी विचारायचं की हे जवळपास तीनपट कुठून आलं.

हातचं गणित न करता सॉल्व्हर चालवणाऱ्या माणसाकडे आलेला आकडा ताडून बघायला काहीच नसतं. माझ्या टेबलाशी येणाऱ्या दहातल्या सहा प्रश्नांचं मूळ इथेच असतं, मेशमध्ये नसतं.

निम्मं करत जा, पण गुणोत्तर बघा

मेश बारीक करत जाणं चूक नाही. चूक ही की लोक नुसता आकडा बघतात, दोन आकड्यांमधलं गुणोत्तर बघत नाहीत. वरचेच आकडे घ्या: २४३ भागिले १९० म्हणजे १.२८. पुढे १.३४. पुढे १.३७. अजून एकदा निम्मं केलं तर पुन्हा १.३७ च येईल, ६११ दिसतील. त्यानंतरही तेच. ही मेश कधीच थांबणार नाही.

हा १.३७ योगायोगाने आलेला नाही. एम. एल. विल्यम्स यांनी १९५२ साली दाखवलं की आतल्या काटकोनी, शून्य त्रिज्येच्या कोपऱ्यात लवचिकतेच्या सिद्धांतानुसार स्ट्रेस अनंत असतो, आणि कोपऱ्याजवळ जाताना तो अंतराच्या उणे ०.४५५ घाताने चढतो. अंतर निम्मं झालं की २ चा ०.४५५ घात, म्हणजे १.३७ पट. सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिक आहे. तुम्ही त्याला धारदार कोपरा दिला, ते अनंताकडे चालत निघालं. बारीक मेश म्हणजे फक्त पुढचं पाऊल.

म्हणून गुणोत्तरावरून दुखणं ओळखता येतं. ते १ कडे सरकत असेल, समजा १.१०, मग १.०३, मग १.०१, तर आकडा स्थिरावतोय. शेवटचा घ्या आणि घरी जा. १.३७ वर अडकलं तर मॉडेलमध्ये कुठेतरी आतला धारदार काटकोन आहे. दर वेळी दुप्पट होत असेल तर बहुधा एखाद्या धारेवर लोड किंवा आधार दिलाय. घन मॉडेलमध्ये चौपट होत असेल तर एकाच नोडवर (एलिमेंट जिथे एकमेकांना जुळतात त्या बिंदूवर) लोड टाकलाय किंवा एकच नोड बांधलाय. तिथे स्ट्रेस अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. पूर्ण पृष्ठभाग फिक्स केला असेल तर त्या पृष्ठभागाच्या कडेलाही चढ दिसतो, मात्र काटकोनापेक्षा हळू. तोही थांबत नाही.

सोबत सरकण, म्हणजे डिस्प्लेसमेंट, बघत जा. कोपऱ्याच्या केसमध्ये स्ट्रेस वेड्यासारखा पळत असताना सरकण दुसऱ्या-तिसऱ्या मेशलाच स्थिर झालेली दिसते. सरकण स्थिर आणि एकाच ठिपक्यातला स्ट्रेस पळतोय, असं असेल तर दोष त्या ठिपक्याच्या भूमितीत आहे.

तो कोपरा बघायला भोसरीला

त्या ब्रॅकेटवर आम्ही तीन दिवस घालवले होते. शेवटी मीच म्हटलं, पार्ट जिथे बनतो तिथे जाऊन बघू. भोसरी एमआयडीसीतलं छोटं फॅब्रिकेशनचं शेड. नेमका गुरुवार निघाला, म्हणजे आठवड्याची सुट्टी, मशीन बंद, पण मालक काका हिशेब करत बसलेले. ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे असं टोकदार आमच्याकडे निघतच नाही. प्लेट फाटेल."

मग प्रेस ब्रेकची, म्हणजे प्लेट वाकवायच्या मशीनची, व्ही डाय (प्लेट ज्या व्ही आकाराच्या खाचेत दाबतात ती) दाखवली. तोंड ६४ मिमी, प्लेटच्या जाडीच्या आठपट. अशा डायवर साध्या स्टीलची आतली त्रिज्या तोंडाच्या साधारण सहाव्या भागाइतकी येते. कोपऱ्यात पडलेल्या ढिगातून एक ब्रॅकेट उचलून त्यांनी रेडियस गेजची पानं एकेक लावून दाखवली. ८ चं पान हललं, १० चं बरोब्बर बसलं, मागून उजेड दिसेना.

ज्या कोपऱ्यावर आम्ही तीन दिवस भांडत होतो तो फक्त थ्रीडी मॉडेलमध्ये होता. कॅडवाल्याने दोन आयत जोडले होते, वाकवलेली प्लेट काढलीच नव्हती. परत आल्यावर १० मिमी त्रिज्या दिली. २ मिमी मेशवर १८४, १ मिमीवर १९०, अर्ध्या मिमीवर १९२. थांबला. वक्र बीमच्या सूत्राने हाताने काढलं तर १९३. यील्डशी तुलना करता १.३ चा सुरक्षा गुणांक. प्लेट आठचीच राहिली.

इथे एक गंमत बघा. सगळ्यात पहिल्या, सगळ्यात जाड मेशवर काय आलं होतं? १९०. म्हणजे चुकीच्या भूमितीवरच्या चुकीच्या मेशने निव्वळ नशिबाने जवळपास बरोबर उत्तर दिलं होतं. आमच्या क्षेत्रात "४ मिमी मेश ठेव, तीच बरोबर येते" अशा ज्या दंतकथा सीनियर लोक सांगतात त्या अशाच जन्माला येतात. ८ मिमी प्लेटला जुळलेला योगायोग ३ मिमी पत्र्याला जुळत नाही.

आणि आता "सोडून द्या"ची गोष्ट

वरच्या अनुभवानंतर आमच्या टीममध्ये सगळीकडे सिंग्युलॅरिटी दिसायला लागली. एका दुसऱ्या कामात उभ्या प्लेटला त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराची तिकोनी पट्टी, वेल्ड केलेला होता. गसेट जिथे संपतो त्या टोकाला लाल ठिपका. रिपोर्टात ओळ होती: "स्थानिक सिंग्युलॅरिटी, दुर्लक्षित." खाली सही माझी. वर्षभराने गाडीवरून परत आलेल्या पार्टचा फोटो आला. वेल्डच्या पायथ्याशी, बरोबर त्या लाल ठिपक्यावर, केसाएवढी भेग, कडेने गंजाची लाल रेघ.

ठिपक्यातला आकडा वाचण्यालायक नव्हता, हे खरंच होतं. पण जागा खरी होती. वाकवलेल्या कोपऱ्यात मशीन स्वतः त्रिज्या देते. वेल्डच्या पायथ्याशी कुणी देत नाही, तिथे खाच खरोखरची असते. म्हणून वाकवलेला कोपरा असेल तर मॉडेलमध्ये त्रिज्या द्या, आणि वेल्ड असेल तर ठिपक्यापासून मागे येऊन वाचा.

मागे येण्याची पद्धत ठरलेली आहे, तिला हॉट स्पॉट म्हणतात. वेल्डच्या पायथ्यापासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचा पृष्ठभागाचा स्ट्रेस घ्यायचा, आणि पहिल्याला १.६७ ने गुणून त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करायची. ८ मिमी प्लेटला ही अंतरं ३.२ आणि ८ मिमी. मेश अशी करा की या दोन्ही जागी नोड पडतील. आमच्या पार्टमध्ये ३.२ वर १५० आणि ८ वर १२० होते, म्हणजे हॉट स्पॉट १७० एमपीए. मेश आणखी बारीक केली तरी हा आकडा फारसा हलत नाही.

आता त्याची तुलना यील्डशी करू नका. वेल्ड सहसा थकून, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड येऊन, तुटतो. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशीत लोड वाहणाऱ्या फिलेट वेल्डच्या पायथ्याला हॉट स्पॉटसाठी फॅट ९० वर्ग आहे, म्हणजे २० लाख आवर्तनांना ९० एमपीएचा चढउतार. १७० चा चढउतार असेल तर ९० भागिले १७०, त्याचा घन, गुणिले २० लाख: सुमारे ३ लाख आवर्तनं. मिनिटाला एक मोठा धक्का आणि दिवसाला दहा तास धरले तर पाचशे दिवसांच्या आत. हे गणित पहिल्या दिवशी करता आलं असतं, पाच मिनिटांचं होतं.

तेव्हा ग्राहकाची पहिली सूचना होती, "ई २५० ऐवजी ई ३५० वापरू." वेल्डसाठी याचा उपयोग नाही. वेल्ड केलेल्या स्टीलचा फॅट वर्ग ग्रेड वाढवला म्हणून वाढत नाही. महाग स्टील त्याच जागी, जवळपास त्याच दिवशी फुटतं. आम्ही गसेटचं टोक निमुळतं केलं आणि वेल्ड कमी स्ट्रेसच्या भागात सरकवला.

मेशवर खापर फोडण्याआधी

लाल कडं बोल्टच्या छिद्राभोवती असेल तर तुम्ही बहुतेक छिद्राचा आतला पृष्ठभाग पूर्ण फिक्स केलाय, किंवा आरबीई२ चा कोळी (छिद्राच्या सगळ्या नोडना मधल्या एका बिंदूला ताठ बांधणारी जोडणी) टाकलाय. हा कोळी छिद्राला अनंत कडक करतो, आणि कड्याच्या कडेला खोटा चढ येतो. खऱ्या जोडात एम१० चा (१० मिमीचा) ८.८ ग्रेडचा बोल्ट ५० न्यूटन-मीटरला कसला की साधारण २५ किलोन्यूटनने प्लेट दाबून धरतो आणि लोड घर्षणाने, वॉशरखालच्या भागातून जातो. लहान कामात मी निदान वॉशरएवढा गोल भाग वेगळा काढून तिथे आधार देते आणि छिद्राच्या कडेचा स्ट्रेस वाचत नाही. शक्य असेल तर आधार एक पार्ट मागे नेते: चासीचा तुकडा मॉडेलमध्ये घ्यायचा आणि तो टोकाला धरायचा.

एककांची चूक हसण्यावारी नेऊ नका. मिमी-टन-सेकंद पद्धतीत स्टीलची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात आणि गुरुत्व ९८१०. घनतेच्या जागी ७८५० टाकून ब्रॅकेटचं वजन सिंहगडाएवढं झालेलं मी बघितलंय. नुसत्या स्वतःच्या वजनाखाली एक रन करा, आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज वजनाएवढी येते का बघा. आली नाही तर पुढे जाऊच नका.

बिडाचा पार्ट असेल, एफजी २६० वगैरे, तर व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा) बघू नका, कमाल प्रिन्सिपल (कुठल्याही दिशेतला सगळ्यात मोठा ओढीचा स्ट्रेस) बघा. एवढंच.

उलट दिशेची चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते, कारण ती सुखावते. चार नोडचा टेट्रा, म्हणजे चार बाजूंचा पिरॅमिडसारखा एलिमेंट, वाकण्यात फाजील कडक असतो. पातळ प्लेटमध्ये जाडीत एकच असा एलिमेंट टाकला की स्ट्रेस आणि सरकण दोन्ही कमी दिसतात, सगळं हिरवंगार. दहा नोडचा टेट्रा घ्या, जाडीत दोन-तीन तरी एलिमेंट ठेवा, किंवा प्लेट आहे तर सरळ शेल (पातळ पत्र्यासाठीचा सपाट एलिमेंट) वापरा. शेजारच्या एलिमेंटांची सरासरी काढलेला आणि न काढलेला स्ट्रेस शेजारी लावून बघा. दोघांत मोठी तफावत म्हणजे मेश अजून जाड आहे. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये स्लाइप्नर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया बुडाला. भिंतींच्या जोडाजवळची मेश फार जाड होती आणि शिअर स्ट्रेस ४७ टक्के कमी निघाला होता. लाल ठिपका बघून निदान कुणीतरी ओरडतं, हिरव्या चित्रावर सगळे सही करतात.

सिमेंटच्या दोन गोण्या

मोठ्या कंपन्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये (वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेत) जाऊन रीतसर चाचण्या करतात. लहान सप्लायरला दर वेळी ते परवडत नाही, आणि आमच्या ब्रॅकेटला गरजही नव्हती. आम्ही काकांच्या शेडमध्येच केलं. ब्रॅकेट जाड फिक्स्चर प्लेटला बोल्ट केला, साखळीने सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या लटकवल्या, म्हणजे ९८१ न्यूटन. टोकाला डायल गेज, म्हणजे सरकण मोजायचं घड्याळासारखं माप, लावलं. मॉडेल सांगत होतं १.७ मिमी, डायल दाखवत होतं २.१.

सोबतचा मुलगा लगेच म्हणाला, "मेश बारीक करू?" मी त्याला दुसरं डायल फिक्स्चर प्लेटवर लावायला सांगितलं. लोड टाकल्यावर तिचीही सुई हलली. प्लेट मागे झुकत होती. तो झुकाव १०० मिमीच्या हाताने मोठा होऊन टोकाला पोचत होता, जवळजवळ सगळा फरक त्यातूनच निघाला. मॉडेलमध्ये आम्ही ती जागा दगडासारखी धरली होती.

स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते मोजणारी चिकटपट्टी) लावायचाच असेल तर कोपऱ्यात लावू नका. तिथे स्ट्रेस इतका पटकन बदलतो की गेज आपल्या लांबीची सरासरीच देणार. उभ्या पायाच्या सपाट भागात, वाकापासून २०-२५ मिमी खाली लावा. तिथे १५६ एमपीए म्हणजे सुमारे ७४० मायक्रोस्ट्रेन (दर दहा लाख भागांत ७४० भागांची वाढ) दिसायला हवेत. ९०० दिसले तर लोड किंवा आधार चुकलाय.

एवढं करूनही आकडा पळतच असेल तर विचारायला जरूर या, पण लाल चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन येऊ नका. तीन मेशचे स्ट्रेस आणि सरकण, प्रतिक्रियांची बेरीज, हातच्या गणिताचा कागद, आणि शेडमध्ये जाऊन काढलेला त्या कोपऱ्याचा फोटो आणा. फोटोत रेडियस गेजचं पान दिसलं पाहिजे.